नाव घातलंय : वर्तकनगर ते विठ्ठलवाडी

प्रवासाहून परतलं की सोसायटीतल्या बायकांना घरी बोलवायचं, फोटो दाखवायचे आणि तिकडचा खाऊ वाटायचा, ही माझी जुनी खोड. काश्मीरचे अक्रोड झाले, केरळचे वेफर्स झाले, एकदा बालीची कॉफीही झाली, ती कुणालाच आवडली नाही. या वेळी चार दिवस मी संध्याकाळच्या कट्ट्यावर दिसले नाही तेव्हा खालच्या मजल्यावरच्या सुधाताईंनी विचारलं, "आता कुठला दौरा?"

"शहाड आणि विठ्ठलवाडी," मी म्हटलं. त्यांना इतकं हसू आलं की हातातली भाजीची पिशवी खाली ठेवावी लागली.

त्यांचंही बरोबर आहे. वर्तकनगरहून शहाड म्हणजे सगळं धरून दीड तास. परदेशी जाताना नुसतं विमानतळावर याहून जास्त बसावं लागतं. पण आजवरच्या सगळ्या प्रवासांत मिळून मी जेवढी तोंडात बोट घालून उभी राहिले नसेन, तेवढी या चार दिवसांत राहिले. फोटो एकही काढला नाही, म्हणून लिहिते आहे.

निमित्त माझ्या भाचीचं, मंजिरीचं. ती एका संस्थेत काम करते. गरोदर बायका तपासणीला का येतात आणि का येत नाहीत, हे शोधायचं काम तिच्याकडे आलं होतं. "मावशी, मोबाईल पुढे केला की बायका गप्प होतात गं," ती म्हणाली, "तू वही घेऊन बस. तुझ्याशी बोलतील." चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यामुळे मला पाहताच लोक 'बाई' म्हणतात आणि खरं बोलायला लागतात, असा घरात समज आहे. तिनं छापील तक्ते दिले. नाव, वय, कितवा महिना, नोंदणी झाली आहे का, आणि झाली नसल्यास कारण. इतकं सोपं की मला जरा अपमानच वाटला.

आमचे हे मात्र म्हणाले, "तुला झेपेल का हे?" प्रश्न चालण्याबद्दल नव्हता. आमचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात गेलं. मी बाळंतपणाला वाईला, माहेरी गेले होते आणि तिथून हट्टानं एसटीनं कोल्हापूरला जाऊन बी.एड.चा पेपर देऊन आले. चार दिवसांनी सगळं संपलं. एसटीचे धक्के बाधले, असं तेव्हाच ठरलं आणि बेचाळीस वर्षं आमच्याकडे तेच ठरलेलं आहे. माझ्याही मनात. मुलगा नंतर झाला, मोठाही झाला, पण एसटी दिसली की मी आजही दुसरीकडे बघते.

"झेपेल," मी म्हटलं आणि पाण्याची बाटली भरली.

पहिला दिवस : शहाड

स्टेशनच्या पलीकडे उतरल्याबरोबर मी माझी पहिली फजिती करून घेतली. समोर हिरवंगार, सपाट, वाऱ्यावर जरासं हलणारं असं काही पसरलं होतं. "केवढं सुंदर शेत राखलंय कुणीतरी!" मी म्हटलं.

"बाई, ती नदी आहे," वैशाली म्हणाली.

उल्हास नदी होती ती. काठापासून काठापर्यंत जलपर्णीनं झाकलेली, पाण्याचा थेंब दिसत नव्हता. जिचं पाणी पितो तिला मी शेत समजले होते.

वैशाली ही तिथली आशाताई, म्हणजे घरोघर जाऊन गरोदर बायकांची आणि लहान मुलांची खबर ठेवणारी. पस्तिशीची, चपळ, खांद्यावर कायम एक फुगलेली पिशवी. तिनं बालवाडीच्या खोलीत बायका जमवल्या होत्या. मी फळ्याजवळ खुर्ची घेतली, पहिला प्रश्न विचारला, आणि बाहेरून कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!"

अर्ध्या मिनिटात खोली रिकामी झाली. सात-सात महिने भरलेल्या पोरी हंडे घेऊन पळाल्या. मी पेन उघडून बसलेली.

"रोज याच वेळेला येतं का गं?" मी विचारलं.

"साडेदहाला. पाऊण तास."

"आणि दवाखान्यात तपासणी कधी असते?"

"सोमवारी. दहा ते बारा." वैशालीनं माझ्याकडे बघितलं. "मी तीनदा सांगितलं बाई वरती. वेळ बदला म्हणून. ते म्हणतात बायकांमध्ये जागृती नाही."

मी हबकलेच. बायका जाग्या होत्या, नळावर होत्या.

पाणी भरून बायका परतल्या, पदराला हात पुसत, आणि मग खरोखरच बोलल्या. एक तर समोर बसून "मला काही नाही" म्हणत होती. तिच्या जावेनं तिला कोपरानं ढोसलं तेव्हा कळलं, चौथा चालू आहे. चोरओटी भरेपर्यंत सांगायचं नसतं. चोरओटी माझीही भरली होती, गुपचूप, देवघराचं दार लोटून. त्यात किती गोड वाटलं होतं मला! पण त्या गोड गुपितापायी वैशालीला पहिले तीन-चार महिने पत्ताच लागत नाही, आणि रक्त तपासायचं असतं ते नेमकं तेव्हाच, हा विचार मला जन्मात शिवला नव्हता.

पण सगळ्यांत जास्त वेळा मी ऐकलं ते एक वाक्य. तपासणीचं काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "नाव घातलंय."

नाव घातलंय म्हणजे दवाखान्यात नोंदवलंय. मराठी तर माझा विषयच. मी प्रत्येकीपुढे 'होय' लिहीत गेले आणि मनात म्हटलं, उगाच ओरड करतात लोक.

दुपारी वैशाली एका बाळाला लस द्यायला घेऊन गेली, तेव्हा मी एकटीच शेजारच्या चाळीत गेले. तिथे सोनाली भेटली. वीस वर्षांची, लग्नाला वर्ष, दोन महिन्यांपूर्वीच ही मंडळी इथे भाड्यानं राहायला आली होती. दारात बसून शेंगा सोलत होती. गोरी, गोल, चकचकीत चेहऱ्याची. मी पाहिल्या पाहिल्या म्हणाले, "काय तेज आलंय गं चेहऱ्यावर!"

"सगळेच म्हणतात बाई!" तिची सासू आतून कौतुकानं बाहेर आली. तिनं चहा-खारी पुढे केली. "अंगावर धरलंय पोरीनं. माहेरी जायच्या आधी असंच दिसायला पाहिजे, नाहीतर म्हणतील सासरी खायला घालत नाहीत."

"दवाखान्याचं?"

"नाव घातलंय ना! तिच्या आईनं विठ्ठलवाडीला घातलंय. पहिलं बाळंतपण माहेरचं. आपण कशाला मधे पडायचं?"

सोनाली हसत पाय पुढे करून म्हणाली, "बाई, माझी जोडवी पण गेली. एवढी रुतली की सोनाराकडून कापून घ्यावी लागली."

"अगं, माझीही कापली होती!" मी म्हटलं. माझ्या वेळी वाईच्या सोनारानं ओट्यावर बसवून, कानस लावून, केवढा सोहळा केला होता, ते मी साग्रसंगीत सांगितलं. तिघीही पोट धरून हसलो. निघताना मी वळणदार अक्षरात लिहिलं. सोनाली, वीस, आठवा महिना, नोंदणी : होय.

दुसरा दिवस : खाडीकाठी

वैशालीचं माहेर खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं. "आईकडे जेवायला चला, तिकडे पण एक गरोदर आहे, माझी वहिनीच," असं म्हणाली म्हणून मी गेले. दारापुढे जाळी वाळत टाकलेली, पलीकडे खाडीचं काळपट पाणी आणि त्याचा वास. पाच मिनिटांनी वास जाणवेनासा झाला, कारण आत निवट्यांचं कालवण उकळत होतं. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा मासा. दिसायला ध्यान, चवीला अप्रतिम. तांदळाची भाकरी मी दोन खाल्ल्या, तिसरी नको म्हणताना लाज वाटली.

अंगणात एक जास्वंद होती, पानोपान फुललेली. आमच्या सोसायटीच्या माळ्याला आणून दाखवावी अशी. मी वैशालीच्या आईला विचारलं, खत काय घालता?

"खत कसला? हिच्या त्या लाल गोल्या," ती सुनेकडे बोट दाखवून म्हणाली. "लोखंड असतंय ना त्यान."

वैशालीचा घास हातातच राहिला. "आये! मी आणून दिलेल्या गोळ्या?"

"मग काय करू गो? त्या खाल्ल्या का पोर मोठा व्हतं पोटान. मंग शिझर करतान. मना नातू पायजे, टाके नको."

सून पाटावर खाली मान घालून बसली होती. डोळ्यांच्या कडा पांढऱ्याफटक. घरोघर हिंडून गोळ्या वाटणाऱ्या बाईच्या स्वतःच्या माहेरी गोळ्या जास्वंद खात होती! मी वैशालीकडे बघू शकले नाही. तिनं उठून डबा आणला, एक गोळी वहिनीच्या हातावर ठेवली आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहिली. आईशी ती नंतर तासभर बोलली नाही.

वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी कालची गंमत सांगायला घेतली. ती सोनाली, तिच्या चेहऱ्यावरचं तेज, कापलेली जोडवी, माझीही कशी कापली होती.

"कापली?" वैशाली म्हणाली. "कधी?"

"झाले असतील आठ दिवस."

"तोंड पण सुजलंय? हात?"

"सुजलंय कुठे? तेज आहे. गोल दिसते, छान."

"बाई, पाय सगळ्यांचे सुजतात. तोंड आणि हात सुजले तर ते तेज नसतंय." तिनं माझा हात ओढला, मनगटाच्या वर अंगठा रुतवला आणि सोडला. "असा दाबायचा. खड्डा राहिला तर बघायचं, बीपी किती आहे. त्यांनी मला सांगितलं नाव माहेरी घातलंय, म्हणून मी दारातनंच परत गेलेली. तुम्ही तर आत बसलेल्या ना?"

हो, मी आत बसले होते. चहा पीत होते.

तिनं फोन लावला. सासू म्हणाली, सोनाली आज सकाळीच माहेरी गेली, दिवस चांगला होता. थोडं डोकं दुखत होतं, पण पित्ताचं असेल. सोनालीचा स्वतःचा फोन बंद. विठ्ठलवाडीचा पत्ता सासूला नीट सांगता येईना. तिचा मुलगा दुपारपाळीला गेलेला, कामावर फोन जवळ नसतो, तो सकाळी सांगेल म्हणाली. तोपर्यंत वैशाली नर्सबाईंकडून बीपीचं मशीन मागून आणणार होती. मी घरी येऊन पलंगावर पडले आणि माझ्या त्या वळणदार 'होय'कडे बघत राहिले.

तिसरा दिवस : विठ्ठलवाडी

सकाळी साडेनऊला आम्ही तिच्या माहेरच्या गल्लीत होतो. घरोघर शिलाईमशीन चालू, उंबऱ्यांवर कापडाच्या चिंध्या. सोनालीची आई शर्टांना काज-बटणं करत होती. लेक आत भिंतीला टेकून, डोळ्यांवर ओढणी बांधून पडली होती.

"नाव घातलंय हो आम्ही," आई लगेच म्हणाली. आम्ही काही विचारलंही नव्हतं.

"कार्ड दाखवा ना काकी," वैशाली म्हणाली.

आई उठली, हात धुतले, देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागून कार्ड काढलं. त्यावर कुंकवाचं बोट लावलेलं. वर सोनालीचं नाव सुवाच्य. खाली रकाने होते. वजन, बीपी, रक्त, लघवी. एकाही रकान्यात एक अक्षर नव्हतं.

"ही गेलीच नाही?"

"ती शहाडला होती ना! तिचं आधार घेऊन मी उभी राहिले लाइनीत. तीन तास! तेव्हा कुठं नाव घातलं." तिच्या आवाजात अभिमान होता. "आता कळा सुरू झाल्या की डायरेक घेतात."

सासरच्यांना वाटत होतं, माहेरचे तपासताहेत. माहेरच्यांना वाटत होतं, ती सासरी आहे तोवर सासरचे तपासणारच. आणि दोन्हीकडच्यांना वाटत होतं, नाव घातलंय. या आठ महिन्यांत त्या पोरीच्या दंडाला कुणी पट्टा बांधला नव्हता. देवासमोर कार्ड मात्र रोज उदबत्ती घेत होतं. आणि वर्गात 'घालणे' या क्रियापदाचे अर्थ सांगणारी मी, मी काय वेगळं केलं होतं?

वैशालीनं सोनालीच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. मग पट्टा बांधला. मशीनकडे बघून तिनं पुन्हा मोजलं. "एकशे सत्तर," ती हळू म्हणाली. "सोनाली, डोळ्यांपुढे काही दिसतं का गं?"

"चांदण्या चमकतात," सोनाली म्हणाली. "आईनं लिंबू सरबत दिलं."

चांदण्या. मला काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण तेव्हा तिकडे बघायला वेळ नव्हता.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात," वैशाली म्हणाली. त्यानंतर जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर कुणी सांगूनही मला पटलं नसतं. सोनालीच्या आईनं शहाडला विहिणीला फोन लावला. स्पीकरवर.

"तुमचं काय म्हणणं आहे ताई? न्यायचं का?"

"अहो, आता ती तुमच्याकडे आहे. तुम्ही म्हणाल तसं."

"तसं कसं, सून तुमची. काही कमी-जास्त झालं तर म्हणाल, माहेरी नेली आणि..."

"छे छे, आम्ही कशाला म्हणू? तुम्ही ठरवा ना."

"नाही नाही, आधी तुम्ही सांगा. जावईबापूंना विचारा."

एक शब्द वावगा नाही. लग्नाच्या बैठकीत असतो तसला सगळा नम्रपणा, आणि आत ती पोर डोकं धरून कण्हते आहे. दोघींपैकी एकीलाही तिचं वाईट व्हायला नको होतं. दोघींना फक्त उद्याचा बोल नको होता.

मग मी ओरडले. चौतीस वर्षं ज्या आवाजानं मी साठ-साठ पोरं गप्प केली, त्या आवाजात. "मी ठरवलंय! बोल मला लावा! माझं नाव-पत्ता लिहून घ्या आणि रिक्षा बोलवा!" गल्लीतली शिलाईमशीनसुद्धा दोन-चार थांबली. माझं मलाच नवल वाटलं, पण रिक्षा आली.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सोनालीला पाहिलं आणि पहिला प्रश्न आम्हालाच. "एवढी सूज! घरात कुणाला दिसली नाही?"

"दिसली होती," मी म्हणाले. "मी तिला तेज म्हटलं."

त्यांनी नर्सला स्ट्रेचर आणायला सांगितलं. सोनालीला आत नेत असतानाच तिला झटका आला. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले, दात खाडकन मिटले. ते मी पाहिलं. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. दार लागलं. सोनालीची आई माझ्या शेजारी, हातात ते कुंकू लावलेलं कार्ड घट्ट धरून, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला सांगत होती, "नाव घातलेलं आहे हो आम्ही. नाव घातलेलं आहे."

संध्याकाळी पाचला कळलं. मुलगी झाली, फार लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवली आहे. आई जगली. "अजून अर्धा तास उशीर करून आणली असती, तर मला काही करता आलं नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तोपर्यंत शहाडची विहीणही आली होती. दोघी विहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. कुणी कुणाला बोल लावला नाही. वैशालीनं पिशवीतून केळी काढली आणि सगळ्यांना एकेक दिलं, मलाही.

परत : वर्तकनगर

चौथ्या दिवशी सकाळी पेटीतली मुलगी मी काचेतून पाहिली. माझ्या वितीएवढी. पायाला चिठ्ठी, 'सोनालीचे बाळ'. नाव अजून घातलेलं नव्हतं. सोनालीच्या चेहऱ्यावरची सूज ओसरत होती. खाली एक साधा, निमुळता चेहरा निघत होता. मी त्या पोरीला ओळखलंच नाही.

दुपारी घरी आले. हे क्रिकेट बघत होते. मी आंघोळ केली, चहा घेतला आणि माळ्यावरून जुना अल्बम काढायला लावला. डोहाळजेवणाचा फोटो सापडला. झोपाळ्यावर मी, फुलांची वाडी भरून. गोल, गोरीपान, चकचकीत. डोळे गालांत बुडालेले. हा फोटो पाहून आजवर प्रत्येकानं एकच म्हटलं आहे, मीसुद्धा. खाली पाय लोंबत होते. पायांत जोडवी नव्हती.

"अहो," मी म्हटलं, "हे एसटीच्या आधीचं की नंतरचं?"

"आधीचं. आठ-दहा दिवस आधीचं. नंतर कुठलं डोहाळजेवण?"

"आणि जोडवी कापली ती?"

"त्याच्याही आधी. तुझ्या आईचं पत्र आलं होतं ना, लेकीच्या अंगावर कसं तेज आलंय, जोडवी कापावी लागली म्हणून. दवाखान्यात नाव घातलंय, काळजी नसावी, असंही लिहिलं होतं." त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

बी.एड.च्या त्या पेपरात अक्षरांवर चांदण्या चमकत होत्या. मी डोळे चोळून चोळून लिहिलं होतं. डोकं फुटत होतं आणि मला वाटलं होतं, एसटी लागली. वाईच्या दवाखान्यात मी एकदाही गेले नव्हते. आई गेली होती. तिनं नाव घातलं होतं.

रडू आलं, पण ते नंतर. आधी राग आला. कुणाचा, ते सांगता यायचं नाही. आईचा म्हणावं तर ती तीन तास लाइनीत उभी राहिली असेल. मग मी मंजिरीचे तक्ते काढले. सोनालीपुढचं 'होय' खोडलं. पट्टी घेऊन शेजारी एक नवा रकाना आखला आणि त्याला नाव दिलं, 'प्रत्यक्ष तपासलं का?' आता पहिल्यापासून सगळ्याजणींना पुन्हा विचारायला जावं लागणार होतं.

शेवटच्या पानावर एक ओळ रिकामी होती. तिथे मी माझं नाव लिहिलं. वय पंचवीस. आठवा महिना. नोंदणी : होय. प्रत्यक्ष तपासलं का : नाही. कारण : सगळे म्हणाले, तेज आलंय.

हे खांद्यावरून वाचत होते. मग म्हणाले, "आणि एसटी?"

"एसटीला रकाना नाहीये," मी म्हटलं.